केदारखेडा ते परतूर: प्रज्ञाचे कुरळे केस आणि न धुवायचं कंडिशनर

"ताई, मला माझ्याच केसांनी लग्न करायचंय."

ना हॅलो, ना कशी आहेस. फोन उचलला तर पहिलं वाक्य हेच. प्रज्ञा म्हणजे परतूरची माझी मामेबहीण. लग्न तोंडावर आलेलं आणि ही रडायच्या बेतात. झालं होतं असं, की पाहायचा कार्यक्रम ठरला तेव्हा मामीनं तिला गुपचूप जालन्याला नेऊन केस मशीननं सरळ करून आणले होते. पाहुण्यांना मुलगी पसंत पडली. पण प्रज्ञाचे केस मुळात कुरळे, अगदी स्प्रिंगसारखे. आता लग्नाच्या दिवशीही मामीनं पार्लरवाली सांगून ठेवलेली, पुन्हा मशीन, पुन्हा सरळ. होणाऱ्या नवऱ्याला, अमोलला, व्हिडिओ कॉलवर सगळं कळलेलं. तो म्हणाला होता, मला काय अडचण नाही, पण माझ्या आईला तूच सांग. वा रे पठ्ठ्या!

माझे स्वतःचे केस कुरळे. त्यांच्याशी कॉलेजभर भांडून शेवटी माझं लीव्ह-इन कंडिशनरवर प्रेम जडलं, हे या ब्लॉगच्या जुन्या वाचकांना पाठ झालं असेल. नव्यांसाठी सांगते: न्हाऊन झाल्यावर ओल्या केसांना लावायचं आणि तसंच ठेवायचं, धुवून टाकायचं नाही. एवढंच. "येतेच मी," असं प्रज्ञाला सांगितलं आणि बँकेत रजा टाकली. बॅगेत साड्या कमी आणि बाटल्या जास्त. एक घट्ट क्रीमची, एक पातळ स्प्रेची, मोठ्या दातांचे दोन कंगवे आणि नवऱ्याचे जुने सुती टी-शर्ट. तो विचारत होता, लग्नाला चाललीस की दुकान टाकायला?

पुण्याहून सकाळची एसटी धरली. अहिल्यानगर, संभाजीनगर करत जालना. बायकांना अर्धं तिकीट, त्यामुळे खिडकीशी बसून ऐटीत मोसंबीचा रस प्यायला पैसे उरतात. मे महिन्यात जाणार असाल तर डोक्याला सुती स्कार्फ बांधाच. खिडकीतून येणारी हवा नसते, वाफ असते. केसातलं होतं नव्हतं ते पाणी शोषून घेते.

जालन्यात उतरून थेट परतूर गाठलं नाही. आधी केदारखेड्याला मावशीकडे जायचं होतं, तिलाही लग्नाला सोबत घ्यायचं म्हणून. भोकरदनकडे जाणारी कुठलीही एसटी चालते, राजूर मागे पडलं की केदारखेडा लांब नाही. मावशी ओसरीत वाटच पाहत बसलेली. जेवायला ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याचा ठेचा आणि ताक. जेवण होईपर्यंत मी बॅगेबद्दल शब्द काढला नाही, पण मावशीचं लक्ष तिकडंच.

"काय आणलं गं येवढं?"

मावशीचे केस मेंदी लावून लावून लालसर आणि कोरडे झालेले, केरसुणीच्या काड्यांसारखे उभे. मी म्हटलं, आधी न्हाऊन ये, मग दाखवते. तिला घट्ट क्रीमची बाटली दिली आणि चहा घ्यायला आत गेले. परत येऊन पाहते तर काय! बाईनं कोरड्याच केसांवर ओंजळभर ओतून टाळूपासून चोळलेलं. डोकं पांढरं फटक.

"मावशी, हे काय केलंस!"

"तेल असंच लावतेत ना? डोक्यात जिरलं पायजे."

मावशीची सून कोमल हसून हसून खाली बसली. मग मावशी म्हणाली, "असू दे, धुवून टाकती," आणि तिनं ते सगळं धुवून टाकलंही. न धुवायचं कंडिशनर! पण त्यातनं तुमच्यासाठी गोष्ट मिळाली, ती घ्या. टाळूला ते लावायचंच नाही. मेंदीनं कोरडे झालेले, पिकलेले केस असतील तर घट्ट क्रीम घ्या, केस ओले असताना मधल्या भागापासून टोकापर्यंत लावा, मूळ मोकळं सोडा. दुसऱ्यांदा तसं लावलं आणि तासाभरात मावशी आपल्याच वेणीवरून हात फिरवायला लागली. "मऊ लागून राह्यलं गं," म्हणाली, आणि कुणी पाहतंय का म्हणून इकडंतिकडं बघितलं.

कोमलचे केस अगदी उलटे. लांब, सरळ, रेशमासारखे बारीक. उत्साहाच्या भरात मी तिलाही तीच क्रीम फासली आणि फसले. केस डोक्याला असे चिकटले की चार दिवस न्हाली नाही असं वाटावं. बारीक सरळ केसांना क्रीम नकोच. पातळ स्प्रे, तोही टोकांना, दोन-तीन फवारे, बस्स.

दुसऱ्या दिवशी सकाळी कोमलनं केस धुऊन तसा स्प्रे मारला, आणि लगेच त्याची परीक्षाही झाली. पिंपळगाव रेणुकाईला एका ओळखीच्यांकडे लग्नपत्रिका द्यायची राहिली होती. मी आणि कोमल स्कूटीवर निघालो. भोकरदनच्या पुढे रस्ता काही ठिकाणी गुळगुळीत, काही ठिकाणी देवाची करणी. धूळ विचारू नका. पिंपळगावात उन्हाळी हिरव्या मिरचीची आवक नुकतीच सुरू झालेली. गोण्यांच्या थप्प्या, हमालांची आरडाओरड, आणि तो नाकात झोंबणारा वास! मी वेड्यासारखे फोटो काढत सुटले. एका व्यापाऱ्यानं हटकलं, "ताई, मिरची घेऊन राह्यल्या का नुसते फोटो?" पिशवीभर घेतली मग, लाजेकाजेस्तव. मिरचीचा हात डोळ्याला लागला की काय होतं हे मी स्वखर्चानं तपासलंय, तुम्ही तपासू नका. पण घरी आल्यावर कोमलनं केसातून कंगवा फिरवला तर एकही गुंता नाही. ती आनंदानं ओरडलीच.

संध्याकाळच्या आत जालन्याला येऊन आम्ही तिघींनी परतूरची पॅसेंजर धरली. एसटीपेक्षा गाडी बरी, आणि मावशीला खिडकी लागते.

परतूरच्या मामाच्या घरी मांडव पडलेला, दारात तरण्याताठ्या पोरींचा कलकलाट. प्रज्ञा मला पाहून पळतच आली. मी बेत सांगितला: आज केस धुवायचे, लीव्ह-इन लावायचं, उद्या सकाळी नुसतं पाणी शिंपडून कुरळे उठवायचे. ती नाचायचीच बाकी राहिली. नळाला नुकतंच पाणी आलेलं, त्यानं केस धुतले, लीव्ह-इन लावलं, सुती टी-शर्टात गुंडाळले, अर्ध्या तासानं सोडले. काय सांगू! एक एक बट मोकळी, चमकदार, मानेवर डुलणारी.

आणि मग हळद लागली.

मी पुण्यात राहून विसरलेच होते. आमच्याकडे हळदीला नवरीच्या डोक्यावर आंब्याच्या पानांनी तेल सोडतात. आधी नवरीची आत्या, म्हणजे आमची मावशीच, मग मामी, काकू, शेजारणी, ज्या ज्या बायका आल्या त्या सगळ्या. प्रत्येकीला वाटतं आपल्या पानातलं तेल कमी पडलं. शेवटी शेवटी तर एकीनं वाटीच उपडी केली. मी "अहो, अहो" करत राहिले, पण त्या गाण्यात आणि टाळ्यांत माझं कोण ऐकतंय? प्रज्ञाच्या गालावरून हळद आणि तेल दोन्ही ओघळत होतं. ती माझ्याकडे पाहत होती, हसावं की रडावं तिला कळेना.

तेलकट केसांवर लीव्ह-इन बसत नाही. सकाळी धुणं भाग. पण नळाचं पाणी आता दोन दिवस येणार नव्हतं, घरी उरलं ते बोअरचं, इतकं जड की साबणाला फेस येत नाही आणि केस दोरखंडासारखे होतात. कुरळ्यांचा तर पार झाडू. मी अंगणात डोकं धरून बसले तर समोर ओळीनं काय उभं? लग्नासाठी मागवलेले पिण्याच्या थंड पाण्याचे जार! फिल्टरचं, मऊ पाणी.

सकाळी मी आणि कोमलनं एक जार उचलून न्हाणीत नेला. गार पाणी डोक्यावर पडताच प्रज्ञा अशी किंचाळली की मामा धावत आला.

"काय झालं? अन् हे काय करून राह्यल्या? पाहुण्यांच्या प्यायच्या पाण्यानं नवरीचं डोकं?"

"मामा, एकच जार. बिलकुल बोलू नका आता," मी आतूनच ओरडले.

"खर्च तुझ्या बापाला लावतो," असं पुटपुटत तो गेला, पण हसत गेला.

शाम्पू दोनदा. मग केस निथळत असताना, पुसायच्या आधी, भरपूर क्रीम. कुरळ्यांना हात आखडता घ्यायचा नाही. मोठ्या दातांच्या कंगव्यानं विंचरायचं आणि टोकाकडून मुठीत धरून वर दाबायचं. मग हात लावायचा नाही, वाळेपर्यंत अजिबात नाही.

एवढ्यात पार्लरवाली मशीन घेऊन आली आणि मागोमाग मामी. ओले कुरळे केस पाहून मामीचा चेहरा उतरला.

"बाई गं, पाहायला आल्ते तव्हा सरळ व्हते. आता मांडवात असे दिसले तर म्हणतील, दाखवली एक अन् दिली एक. लग्न मोडलं म्हंजे?"

मला तिचा राग आला होता, तो तिथंच गळाला. बिचारी खरंच घाबरली होती.

प्रज्ञा आरशातूनच म्हणाली, "आई, आज सरळ केले. उद्या काय? परवा काय? सासरी रोज मशीन घेऊन बसू का मी?"

मामीनं पदरानं तोंड पुसलं आणि बाहेर गेली. पार्लरवालीनं माझ्याकडे पाहिलं, मशीन पिशवीत ठेवलं आणि म्हणाली, "मंग मी साडी नेसवती."

आमच्या बौद्ध लग्नात नवरी नेसते तशी पांढरी साडी, केसात मोगऱ्याचा एकच गजरा, आणि मोकळे कुरळे केस. मांडवात शिरलो तर पहिल्याच रांगेत अमोलची आई उभी, मंठ्याकडची उंच, करड्या आवाजाची बाई. तिनं प्रज्ञाला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"हे खरे का ते खरे?"

प्रज्ञानं मान खाली घातली नाही. "हे खरे, आई. त्या दिवशी जालन्याहून सरळ करून आणले व्हते. मला तव्हाच सांगायचं व्हतं. धीर न्हाई झाला."

माझ्या शेजारी मामीनं माझा दंड इतका घट्ट धरला की नखं रुतली.

सासूबाई वळल्या. "वैशाली, इकडं ये." त्यांची मुलगी पुढं आली, अमोलची धाकटी बहीण, एवढ्या उन्हात डोक्याला ओढणी घट्ट लपेटलेली. सासूबाईंनी ती ओढणी सगळ्यांसमोर मागे सारली. खाली तेल लावून चोपून बसवलेले, पिनांनी डांबून ठेवलेले केस, आणि कानामागून निसटलेल्या बारीक कुरळ्या बटा.

"दोघं जण पाहून गेले हिला. केसावरून न्हाई म्हणले. तव्हापासून रोज सकाळी मी हे चोपून राह्यले," त्या म्हणाल्या. मग प्रज्ञाच्या एका बटेला हात लावला. "हिला काय लावलं गं? हिला बी लावता येईल का?"

मी "हो हो हो" असं तीनदा म्हणाले बहुतेक. मामी तर रडायलाच लागली.

भंतेजी वेळेचे पक्के, त्यामुळे आधी त्रिशरण-पंचशील, हार, टाळ्या. पंगती बसल्या तसे मी, कोमल आणि वैशाली न्हाणीत शिरलो, दुसरा जार घेऊन. या वेळी मामानं स्वतः उचलून दिला. वैशालीच्या केसांत माझी क्रीमची बाटली संपली, तळाशी उरलेलं पाणी घालून हलवून काढलं. केस वाळत आले तेव्हा तिनं आरशात पाहिलं, एक बट ओढून सोडली. मग म्हणाली, "माझेच हायेत का हे?" मी तिला मिठी मारली, दुसरं काय करणार! त्या गडबडीत माझं जेवण राहिलं. मावशीनं बुंदी आणि वांग्याची भाजी राखून ठेवली होती म्हणून वाचले.

पुण्याला घरी पोचले तेव्हा बॅग हलकी आणि मी आडवी. तुम्ही या बाजूला जाणार असाल तर उन्हाळा टाळा असं कुणीही सांगेल. मी म्हणते जा, फक्त डोकं झाका आणि शेवटच्या धुण्यापुरतं तरी मऊ पाणी मिळवा. केस कुठल्या जातीचे आहेत ते आधी ओळखा, मगच बाटली उघडा, माझ्यासारखं सगळ्यांना एकच फासू नका. बाकी पिंपळगावची मिरची अजून फ्रीजमध्ये आहे, नवरा घाबरून हात लावत नाही.

परवा रविवारी प्रज्ञाचा फोन आला. या वेळी हॅलो म्हणाली. वैशालीला पाहायला पाहुणे आले होते. तिनं केस मोकळे सोडले होते, आणि पाहुण्यांतल्या एका बाईनं विचारलंच, केस असेच असतात का हिचे?

"मंग?" मी विचारलं.

"सासूबाई म्हणल्या, हो, असेच असतेत. पटत नसंल तर चहा घ्या अन् निघा."

"अन् निघाले?"

"न्हाई ताई," प्रज्ञा म्हणाली, "जेवूनच गेले."