तुटका शाफ्ट अन् माझी भंगार गाडी

मंडळी, आज सकाळपासून पडेगावात माझ्या जुन्या पिकअपखाली पाठीवर पडून पुढचा एक्सल शाफ्ट, म्हंजी चाक फिरवणारा दांडा, बदलला. तोडला होता माझ्या चुलतभावानं, बाळूनं. चिखलासाठी असलेला फोर-व्हीलचा गिअर टाकून त्यानं गाडी डांबरीवर पळवली अन् करकचून वळवली. वर भावकीत सांगत फिरला, "दादाची गाडीच भंगार हाय."

हाताचं ग्रीस निघालं नव्हतं तेवढ्यात त्याचाच फोन. त्याची नवी कोरी गाडी शेतात चिखलात रुतली होती, आत सासरे बसलेले.

गेलो. दोर काढलाच नाय. तुटका शाफ्ट त्याच्या हातात दिला.

"आधी सांग, ह्यो कुणी तोडला?"

"दादा, पाहुणे हायेत."

"म्हणूनच इचारतोय."

"मी तोडला," तो पुटपुटला.

"सासऱ्यांना ऐकू नाय गेलं."

मग मोठ्यानं बोलला. तवा दोर बांधला, अन् माझ्या भंगारानं त्याची गाडी बाहेर ओढली.

शाफ्ट त्याच्याच डिकीत टाकून आलो. म्हणलं, आता हा भावकीत घरोघर दाखव.

बायको म्हणायली, लई झालं. मंडळी, तुम्हीच सांगा, लई झालं का? मला तर अजून कमीच वाटायलंय.