पाण्यात उतरलेला रस्ता

बाबांची सायकल पडवीत नाही, हे सगळ्यात आधी माझ्याच ध्यानात आलं. हळद कालवता कालवता सहज तिकडे पाहिलं, तर भिंत मोकळी.

त्या संध्याकाळी धाकट्या भावाला हळद लागायची होती. आमच्याकडे नवरदेवाच्या अंगाला हळद लागण्याआधी पहिली हळद आणि पहिली अक्षता गावच्या मातामायला जाते. मातामाय म्हणजे काही मोठं देऊळ नव्हे. शिवेवरचा एक चौथरा, त्यावर शेंदूर फासलेले दोन-तीन दगड, आणि गावाची राखण करते अशी सगळ्यांची खात्री. अडचण एवढीच, की आमची मातामाय पाण्याखाली आहे. गोसीखुर्द धरणाचं पाणी चढलं तेव्हा मी बारावीत होते. गाव उठलं आणि इथे पुनर्वसनात, आखून दिलेल्या सरळ गल्ल्यांमध्ये येऊन बसलं. पिंपळाखाली नवी मातामाय बसवली, लोक तिला मानायलाही लागले. बाबा मात्र म्हणतात, "ते बदलीवर आलेली आहे."

उन्हाळ्यात पाणी उतरलं की जुना चौथरा चिखलातून डोकं वर काढतो, तेव्हा चालत जाता येतं. पण हे लग्न मार्गशीर्षातलं. धान कापून झालेलं आणि धरण तुडुंब.

सकाळी बाबांनी अक्षतांची पुडी मागितली, तेव्हा मी माझं तोंड चालवलं. ते मला नेहमीच नको तिथे चालवता येतं.

"बाबा, जुनी मातामाय बुडाली. बुडालेल्या देवाले कोणी हळद लावते का? पिपळाखालची काय सावत्र आहे?"

बाबा भांडले असते तर मी निश्चिंत राहिले असते. भांडून झालं की माणूस चहा मागतो. ते गप्प उठले, आणि मी मूर्खासारखी समजले की त्यांना पटलं.

देवघरात जाऊन पाहिलं. पुडी नव्हती, नारळ नव्हता, हळदीची वाटीही नव्हती. फोन मात्र खिडकीत चार्जिंगला लावलेला.

बाबांचं वय बाहत्तर. गेल्या साली छातीत कळ आल्यापासून डॉक्टरांनी थंड पाण्याने आंघोळसुद्धा बंद केली होती. उजव्या डोळ्यात मोतीबिंदू. आणि त्यांना पोहता येतं. माझ्या भीतीचं खरं कारण तेच होतं. पोहता न येणारा माणूस काठावरून परत फिरतो.

घरात कोणाला सांगावं? भाऊ नवरदेव, त्याला हळदीआधी शिवेबाहेर जाऊ देत नाहीत, आणि कळलं असतं तर तो थांबला नसता. बायकांना सांगितलं असतं तर हळदीच्या घरात रडारड सुरू झाली असती. माझा नवरा पाहुण्यांना आणायला पवनीला गेलेला. मी माझी शाळेत असतानाची लेडीज सायकल काढली आणि "आलेच" म्हणून निघाले. हाताची हळद धुवायचंही सुचलं नाही, हँडलच्या दोन्ही मुठी पिवळ्या झाल्या.

आमच्या वस्तीपासून पाण्याच्या कडेकडेने बांध गेला आहे आणि बांधावरून सिमेंटचा लांबलचक रस्ता. वर गाड्या येऊ नयेत म्हणून दोन्ही टोकांना खांब रोवलेत. त्यामुळे रविवारी नागपूरहून हेल्मेटवाले सायकलस्वार येतात. ते त्याला ट्रॅक म्हणतात. आम्ही नुसतं बांध म्हणतो. एका हाताला पाणी, दुसऱ्या हाताला कापणी झालेल्या धानाच्या बांध्या, मध्ये आठेक किलोमीटर एकही झाड नाही. त्या रस्त्यावर माणूस दुरून दिसतो. मला कोणीच दिसत नव्हतं.

समोरून वारा होता. साडीचा काठ साखळीत अडकू नये म्हणून मी तो वर खोचला आणि उभी राहून पायडल मारू लागले. दर थोड्या अंतराने पाण्याकडे बघायचं नाही असं ठरवायची, आणि बघायची. पाण्यावर पांढरं काही दिसलं की ब्रेक दाबायची. एकदा तो बगळा निघाला. एकदा थर्माकोल होता, मासे भरायचा.

अर्ध्या वाटेत साखळी उतरली. मी खाली बसून ती चढवायला लागले. हळदीत वंगण मिसळलं. मी साखळीला शिव्या दिल्या, बाबांना दिल्या, धरणाला दिल्या आणि शेवटी स्वतःला. तेवढ्यात समोरून दोन हेल्मेटवाले आले.

"दादा, काळ्या सायकलीवर एक म्हातारे दिसले का? धोतर, खांद्यावर दुपट्टा?"

"हो हो, काकांचा काय स्टॅमिना आहे!" एक जण हसत म्हणाला. "मघाशी जाताना आम्हाला ओव्हरटेक केलं. पुढे तो रोड पाण्यात जातो ना, तिकडे उतरले."

मला त्याच्या हसण्याचा इतका राग आला की त्याला धन्यवादही म्हटलं नाही.

तो रस्ता म्हणजे आमच्या गावचा जुना डांबरी रस्ता. बांधावरून उजवीकडे उतरतो आणि सरळ पाण्यात जातो. वळत नाही, थांबत नाही. सायकलस्वार तिथे फोटो काढतात. मी त्याच रस्त्याने पाचवीपासून शाळेत गेले. माझ्या सायकलीचं पुढचं चाक त्या उतारावर आजही आपोआप वळतं.

उतार संपतो तिथे बाबांची सायकल उभी होती. नीट स्टँडवर. कॅरिअरला दुपट्टा बांधलेला, खाली चपला शेजारी शेजारी. बाबा नव्हते.

मी हाक मारली. वाऱ्याने ती मागे उडवली. चपला न काढता मी तशीच पाण्यात शिरले. पायाखाली डांबर होतं, शेवाळलेलं, पण ओळखीचं. घोट्यापर्यंत पाणी आलं, मग गुडघ्यापर्यंत. मला पोहता येत नाही. आणखी एक पाऊल टाकलं असतं की नाही, हे मी आजही सांगू शकत नाही.

तेवढ्यात वाळलेल्या झाडांच्या खोडांमागून खोकला ऐकू आला. तो खोकला मी हजारांत ओळखीन.

खोडांच्या पलीकडे एक डोंगा होता, लहानशी होडी. त्यात आमच्याच गावचा मासेमार, चौथीपर्यंत माझ्या वर्गात असलेला. त्याने एका हाताने बांबू धरला होता आणि दुसऱ्या हाताने बाबांचं धोतर. बाबा डोंग्यात उभे होते, एक पाय काठावर.

"सोड मले," बाबा म्हणत होते. "उतरून पायानं पाहतो. चौथरा पायाले लागला का समजते."

"काकाजी, खाली बसा ना जी! डोंगा उलटते!" मग त्याने मला पाहिलं आणि ओरडला, "बाई, तुमीच सांगा याईले! अर्ध्या घंट्यापासून जागा शोधून रायलो. निंबाचं झाड होतं खुणेले, ते पावसाळ्यात पडलं. आता कायचा पत्ता लागते!"

बाबांनी माझ्या दिशेने मान वळवली. त्यांना मी दिसत होते की नुसता रंग दिसत होता, कोण जाणे.

"पोरी, तू रस्त्यावर उभी आहेस का?"

"हो."

"मंग तुले नीट दिसते. रस्ता सीध्यात पकड. मातामाय कोठी आहे, सांग. नाई तं मी उतरतो."

डोंगा डुगडुगत होता. वर्गमित्राचा हात घसरत चाललेला. मी समोर पाहिलं. सपाट पाणी, एकसारखं, त्यात गल्ल्या नव्हत्या, शीव नव्हती, काहीही नव्हतं. मला खरोखर काहीच आठवत नव्हतं. शाळेत जाताना रोज जिला हात जोडले ती डाव्या हाताला होती की उजव्या, एवढंही नाही.

"डावीकडं," मी म्हणाले. माझा आवाज मलाच शाळेत उत्तर देतानासारखा खणखणीत वाटला. "आणखी डावीकडं. थोडं पुढं. हां, बस! इथंच!"

"पक्कं?"

"पक्कं! मी का विसरीन?"

बाबांनी पाय आत घेतला. खाली बसले. वाटीतली हळद पाण्यात सोडली, अक्षता सोडल्या, नारळ सोडला. तो बुडाला नाही, हळूहळू तरंगत निघाला. बाबांनी डोकं डोंग्याच्या काठाला टेकवलं आणि बराच वेळ वर केलं नाही. मी पाण्यात उभी राहून रडत होते. रागानेच रडत होते, असं मी तेव्हा मानलं.

परतताना वारा पाठीशी होता. सूर्य खाली आलेला. आम्ही शेजारी शेजारी सायकली चालवत होतो आणि मी त्यांना तोंडाला येईल ते बोलत होते. छातीत कळ आली असती म्हणजे, डोंगा उलटला असता म्हणजे, घरात लग्न आहे ते समजत नाही का. बाबा ऐकत होते. माझं बोलणं संपल्यावर म्हणाले,

"तुले जागा माहीत नव्हती."

मी हँडलवरची वाळलेली हळद नखाने खरवडली.

"तुझ्या लगनाच्या बारीले तुझ्या मायले डोंग्यात नेलं होतं मी. तवाबी पाणी असंच भरलं होतं. मले जागा सापडेना. ते म्हणे, मी उतरून पाहते. तिले तं पोहताई येत नव्हतं." त्यांनी नाक पुसलं. "मंग म्या सांगतलं, हेच जागा आहे, टाक."

माझे पाय पायडलवर थांबले. सायकल आपली आपण पुढे जात राहिली. माझ्या लग्नाला तेव्हा बारा वर्षं झाली होती, आणि आईला जाऊन तीन.

"मायले समजलं होतं का?" मी विचारलं.

"कधी बोलली नाई."

घरी पोचलो तेव्हा मांडवात दिवे लागले होते. हळदीचं ताट घेऊन बसलेल्या बायका एकदम उठल्या. भाऊ पाटावरून ओरडला, "बाबा, कोठी गेलते? अक्षता पडली का?"

बाबांनी सायकल पडवीत लावली, दुपट्टा खांद्यावर घेतला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "पडली. तुझ्या बहिणीले जागा पाठ आहे."