पडक्या दगडांच्या नादी

रविवारी संध्याकाळी घरी पोचलो की बायकोचा ठरलेला प्रश्न असतो, "आज काय बघितलं?" आणि मी देवळाचं सांगायला बसतो खरा, पण दोन मिनिटांत गाडी भलतीकडेच जाते. नगरच्या आसपास जुने मकबरे, पडके किल्ले, बारवा, हेमाडपंती देवळं इतकी आहेत की आयुष्य पुरणार नाही. पण खरं सांगू का, त्यातले खांब, कमानी, नक्षी माझ्या डोक्यात काही राहत नाहीत. राहतात ते किस्से. बरं, राहतात ते राहतात, वर दर रविवारी नवीन भर!

आम्ही चौघं. कुलथे सर हायस्कूलमधून रिटायर झालेले इतिहासाचे मास्तर. आवाज अजून शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा. नंदाताई सरकारी दवाखान्यात नर्स होत्या, सगळी नोकरी बाळंतपणाच्या वॉर्डात. शिंदे लग्नाचे फोटो काढतो, आणि व्हॅन त्याची, म्हणून त्याला कुणी काही बोलत नाही. आणि चौथा मी, नागापूर एमआयडीसीतल्या एका वर्कशॉपमध्ये सुपरवायझर. माझं काम पाण्याचे कॅन उचलायचं आणि सरांना "हो का?" म्हणायचं.

*

नगरजवळ डोंगरावर एक उंच दगडी इमारत आहे. सगळं गाव तिला चांदबिबीचा महाल म्हणतं. तो महाल नाही आणि चांदबिबीचा तर नाहीच. सलाबतखानाची कबर आहे ती. हे सरांना कुणालातरी सांगितल्याशिवाय तो डोंगर उतरवत नाही.

त्या दिवशी पुण्याचं एक जोडपं सापडलं. सर सुरू झाले. "हा गैरसमज आहे! आत खान आहे, खान! बिबीचा इथे काडीचा संबंध नाही! अहो, ज्याचं थडगं त्याचं नाव नको?"

शेजारी एक आजोबा शेळ्या घेऊन बसले होते. बराच वेळ ऐकून घेतलं त्यांनी. मग म्हणाले, "सर, एवढं कशाला तापताय? आमच्या घरावर 'सुमन निवास' लिव्हलंय. विटा मी वाहिल्या, पानी मी मारलं, पत्रे मी चढवले. नाव मंडळीचं! मी काय बोलतो का कुनाला?"

पुण्याच्या बाई नवऱ्याकडे बघून म्हणाल्या, "बघा, शिका जरा!"

त्या दिवशी सर आमच्या सगळ्यांच्या आधी डोंगर उतरले. हे रेकॉर्ड अजून मोडलेलं नाही.

*

श्रीगोंद्याकडे भीमेच्या काठावर एका पडक्या तटबंदीत एक भोक आहे. गावातली माणसं म्हणाली, "हे भुयार लई लांब जातंय. थेट नगरच्या किल्ल्यात निघतंय."

प्रत्येक किल्ल्याला असं एक भुयार असतंच. सरांना या गोष्टीचा मनस्वी राग! "काही जात नाही नगरला! पाणी जायची मोरी आहे ती. दाखवतोच आता," असं म्हणून त्यांनी बॅटरी घेतली आणि डोकं आत घातलं. मग खांदे गेले. मग पोट अर्धं गेलं, आणि अर्धं गेलंच नाही.

आधी आम्ही हसलो. पण आतून आवाज आला, "अरे, खरंच अडकलोय!" तो शेवटच्या बाकापर्यंतचा आवाज नव्हता. सर घाबरले होते. शिंद्याने एक पाय धरला, मी दुसरा. ओढलं की सर ओरडायचे. गावातली चारदोन माणसं पहार आणायला निघाली.

नंदाताईंनी आम्हाला बाजूला सारलं. डब्यातल्या ज्वारीच्या भाकरीबरोबर चटणीवर घ्यायला त्या शेंगदाण्याच्या तेलाची बाटली आणतात. ती त्यांनी सरांच्या पोटाभोवती रिकामी केली आणि वाकून अगदी शांत आवाजात म्हणाल्या, "घाबरायचं नाही हं. अंग सैल सोडा. श्वास घ्या... सोडा... मी सांगेन तेव्हाच जोर लावायचा. हं, आता! लावा जोर! अजून थोडा! आलं, आलं, आलं!"

सर सटकन बाहेर आले. पाय पुढे, डोकं मागे, तेलानं माखलेले, लालबुंद.

पहार घेऊन आलेल्याने धापा टाकत विचारलं, "काय झालं?"

नंदाताई पदराला हात पुसत म्हणाल्या, "पायाळू आहे. पण सुखरूप!"

गावकरी लगेच सरांच्या जवळ सरकला. "पायाळू मानसाला जमिनीतलं पानी कळतं म्हनत्यात. सर, जरा आमच्या रानात येऊन जाता का? बोअर घ्यायचाय!"

*

शिंद्याचा एक नियम आहे. जुन्या वास्तूचा फोटो काढायचा तर फ्रेममध्ये माणूस नको. लग्नात दोन-दोन हजार माणसांचे फोटो काढून तो माणसांना कंटाळलेला आहे.

अकोले तालुक्यात, भंडारदऱ्याच्या बाजूला एक सुंदर दगडी देऊळ आहे. पहाटे निघून आम्ही तिथं पोचलो. शेतात भात नुकतंच पोटरीत आलेलं, कणसं फुटायच्या बेतात, हवा स्वच्छ, ऊन कोवळं. आणि देवळाच्या दारात, बरोबर मधोमध, एक आजोबा बसलेले. फेटा, पांढरा सदरा, हात गुडघ्यावर.

शिंद्या थांबला. आजोबा हलेनात. शिंद्या डावीकडे गेला, आजोबांनी मान डावीकडे केली. शिंद्या उजवीकडे आला, आजोबा उजवीकडे वळले. शेवटी ऊन वर आलं आणि वैतागून त्याने आजोबांसकट फोटो काढला.

घरी येऊन बघतो तर काय, अख्ख्या दिवसातला तोच एक फोटो भारी! असा चेहरा, असा उजेड! शिंद्याने त्याची मोठी प्रिंट काढली, फ्रेम केली आणि पुढच्या वेळी आम्ही खास ती द्यायला म्हणून अकोल्याला गेलो. आजोबांचं घर शोधून काढलं. शेजारपाजारची माणसं जमली. शिंद्याचा ऊर भरून आला होता.

आजोबांनी फ्रेम हातात घेतली. जवळ धरली. लांब धरली. मग खालच्या कडेवर बोट ठेवून म्हणाले, "पाय कुठं हायेत?"

शिंद्या म्हणाला, "बाबा, कळस पूर्ण यावा म्हणून पाय सोडावे लागले."

"अरे, देऊळ काय पळून जातंय का? चपला नव्या हुत्या!"

शिंद्या आता पायांसकट फोटो काढतो. लग्नातसुद्धा.

*

जुन्या दगडावर नावं लिहिणाऱ्यांचा सरांना भयंकर संताप. पण त्याहून जास्त संताप ती नावं तारेच्या ब्रशने घासणाऱ्यांचा. "दगडाची कातडी निघते हो!" म्हणतात. मऊ ब्रश आणि साधं पाणी, याच्या पलीकडे जायचं नाही.

पारनेर तालुक्यात एका पडक्या कमानीपाशी आम्ही पोचलो, तर एक पन्नाशीचा गृहस्थ, इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन, तारेचा ब्रश घेऊन भिंत घासतोय! घामाने निथळत होता.

"ओ! थांबा! काय चाललंय?" सर धावलेच.

माणूस दचकला. भिंतीवर लाल ऑइलपेंटमध्ये बदाम होता आणि त्यात दोन नावं. "सर, यातलं पहिलं नाव माझंच हाय. कॉलेजात असताना लिव्हलं हुतं. चूक झाली."

सर जरा निवळले. "चूक कळली हे चांगलंच. पण इतकी वर्षं राहिलंय, तर आता एवढी घाई कशाची? मी तुम्हाला शास्त्रशुद्ध पद्धत सांगतो. रोज थोडं थोडं..."

"रोज कुठलं सर! पोरगी इंजिनिअरिंगला हाय. तिला प्रोजेक्टला जुनी वास्तू पायजे. ती आन् तिची आई रिक्षानं मागनं येऊ राहिल्यात!"

"मग काय झालं? आईला उलट आनंदच होईल."

तो माणूस रडकुंडीला आला. "सर, दुसरं नाव तिच्या आईचं न्हाई!"

खालच्या रस्त्यावर रिक्षाचा आवाज आला. सरांनी कमानीकडे पाहिलं. त्या माणसाकडे पाहिलं. मग आमच्याकडे पाठ केली आणि म्हणाले, "जरा जोरात घासा."

*

आणि हा पाथर्डीच्या पलीकडचा.

दिवाळी होऊन गेली होती. त्या गावात शिरलो तर सगळीकडे शुकशुकाट. दारांना कुलपं, अंगणात कुत्रीसुद्धा नाहीत. गावाबाहेर एक जुनं देऊळ, शिखर ढासळलेलं, पण खांब अजून ताठ. सर खुशीत आत गेले आणि आतूनच ओरडले, "लवकर या!"

गाभाऱ्यात देव नव्हता. चौथऱ्यावर वाळलेली फुलं होती, हळदीकुंकू होतं, आणि मधोमध मूर्ती उचलल्याची स्वच्छ चौकोनी जागा.

सर चौथऱ्यावर वाकले. "चोरी! ताजी चोरी आहे ही! एवढी शतकं टिकला, आणि आता आपल्या काळात..." मस्करीचा विषय नव्हता. नंदाताई देवळाभोवती एक चक्कर मारून आल्या. शिंद्या पुरावा म्हणून फोटो काढायला लागला. सर रेंज शोधत बाहेरच्या बांधावर चढले आणि त्यांनी पोलिसांना फोन लावला.

तेवढ्यात एक म्हातारी कमरेवर कळशी घेऊन वाकत वाकत आली.

"काय हुडकताय बाबा?"

सर फोन कानाला धरूनच म्हणाले, "आजी, तुमचा देव चोरीला गेलाय!"

"चोरीला?" म्हातारीने कळशी खाली ठेवली. "न्हाई बाबा. तोडीला गेलाय."

"काय?"

"ऊस तोडीला. दसरा झाला की समदं गाव ट्रॅक्टरात बसून कारखान्याला जातं. मागं ऱ्हातो आमी म्हातारी मानसं. आमच्यानं रोज निवद हुतोय व्हय? म्हनून त्याला बी संगं नेत्यात. ट्रॅक्टरात म्होरं बसतो. गुढी पाडव्याला येतो माघारी."

फोनमधून "हॅलो, हॅलो" चाललं होतं. सर गडबडून म्हणाले, "सापडला साहेब, सापडला! कामावर गेलाय!" आणि फोन बंद केला.

म्हातारी आत गेली. रिकाम्या चौथऱ्यावर तिने कळशीतलं पाणी घातलं, पदराच्या टोकाने जागा पुसली, हात जोडले. आम्ही दारातच उभे होतो.

नंदाताईंनी विचारलं, "तिकडं देवाला ठेवतात कुठं?"

"कोपीत. उसाच्या पाचटाची झोपडी असती न्हवं, तितं."

शिंद्याला राहवलं नाही. "मग आजी, देवाच्या हातातपण कोयता देतात का?"

म्हातारीने त्याच्याकडे असं बघितलं, की एवढा मोठा माणूस आणि एवढीसुद्धा अक्कल नसावी.

"कोयता कशाला? आईबाप उसाच्या फडात गेल्यावर कोपीवर कोन ऱ्हातं? तो लेकरं सांभाळतो."