जा म्हणायचं नाही

शिवा तांडेलाला आयुष्यात कुणी शूर म्हटलं नाही आणि त्याचं त्याला कधी वाईटही वाटलं नाही. होडीचा म्होरक्या, म्हणजे तांडेल, म्हणून चाळीस वर्षं त्याने रत्नागिरीच्या खाडीतून होडी बाहेर काढली आणि धडपणे परत आणली. खाडीच्या तोंडाशी वाळूचा पट्टा आहे. तो दरसाल जागा बदलतो, आणि त्याच्यावर लाट फुटायला लागली की भल्याभल्यांची गाळण उडते. तिथे इतरांच्या होड्या उलटल्या, पण शिवाच्या होडीतून कधी टोपलीसुद्धा पाण्यात पडली नाही. शंका आली की तो म्हणायचा, "थांब." मग बाजूच्या होड्या बाहेर जाऊन सुरमई घेऊन यायच्या आणि शिवाचे खलाशी नांगर टाकून विड्या ओढत बसायचे. काठावर त्याला 'थांब्या तांडेल' म्हणत. तेही मागून नव्हे, तोंडावर.

या थांबण्यापायी त्याचा एकुलता एक मुलगा मात्र हातचा गेला. रूपेश अठ्ठावीस वर्षांचा झाला तरी होडीवर दोऱ्याच ओढत होता. "एकदा तरी सुकाणू माझ्या हातात द्या," असं तो म्हणायचा, आणि शिवाचं उत्तर तुम्हाला ठाऊकच आहे. शेवटी चार वर्षांपूर्वी दोघांचं कडाक्याचं भांडण झालं आणि रूपेश आखातातल्या एका बंदरावर नोकरीला निघून गेला. पुढल्या वर्षी शिवाची बायको वारली. तेव्हा रूपेश दहा दिवस आला, बापाशी चार वाक्यं बोलला आणि परतला. शिवाने होडी वर ओढून तिच्यावर प्लास्टिक टाकलं. आता रूपेशचा करार महिन्याभरात संपत होता. पोराने परत यावं, होडी ताब्यात घ्यावी, एवढं एकच शिवाला हवं होतं. पण हे त्याने कुणाला सांगितलं नव्हतं. रूपेशलाही नाही.

अशात चिपळूणची सानिका त्याचं घर शोधत आली. पोरगी इंजिनियर. तिच्या कंपनीने खाडीतला गाळ मोजायला बिनमाणसांची छोटी होडी बनवली होती, आणि ती होडी म्हणे आपली आपण शिकायची.

"म्हंजे पाण्यात सोडून द्यायची?" शिवाने विचारलं.

"नाही काका. आधी कंप्युटरमधल्या खोट्या खाडीत हजारो फेऱ्या मारते. बाहेर पोचली की गुण मिळतात, उशीर केला की कापले जातात. पण नुसत्या गुणांच्या मागे लागली तर कुठल्याही लाटेत घुसेल. म्हणून वर एक हद्द घालायची. धोका एवढाच पत्करायचा, त्यापुढे गुण कितीही मिळोत, जायचं नाही. आता धोका कशाला म्हणायचं, ते तुम्ही सांगा."

शिवाला हे पटलं. जन्मभर ज्यासाठी चेष्टा झाली, त्याची कुणालातरी गरज लागली होती. सानिकाने त्याला एक स्क्रीन आणि माइक दिला. स्क्रीनवर तोंडाशी फुटणाऱ्या लाटा दिसायच्या. प्रत्येक लाट बघून त्याने 'जा' किंवा 'थांब' म्हणायचं, बस. त्या होडीचं नाव त्याने मुकी ठेवलं.

रोज सकाळी पेज पिऊन तो माइकसमोर बसायचा. त्या घरात माणसाचा आवाज होऊन वर्षं झाली होती. आधी तो नेमका एकेक शब्द बोलायचा. मग हळूहळू लाटेलाटेच्या मधे इतरही बोलू लागला. आज बांगड्याचं तिखलं केलंय, पण एकट्याला दोन दिवस पुरतं. ही लाट रूपेशला आवडली असती. त्याच्या आयशीचा फोटो पुसायला हवा. माइक बिचारा मधे बोलायचा नाही, म्हणून शिवाला तो फार आवडला.

एक दिवस सानिकाने विचारलं, "काका, हजार फेऱ्यांत किती वेळा वाळूला घासली तर चालेल?"

"एकदापण नाय."

"मग ती दोरीच सोडणार नाही. सगळ्यात सुरक्षित जागा म्हणजे बंदराचा धक्का. शून्य म्हटलं की ती तिथेच बसणार."

प्लास्टिकखाली झाकलेली त्याची होडीही अगदी सुरक्षित होती. दोन दिवस त्याला अन्न गोड लागलं नाही. तिसऱ्या दिवशी त्याने फोन करून सांगितलं, "तीन लिव."

चाचणीच्या सकाळी धक्क्यावर ही गर्दी. बटण दाबलं. मुकी घरघरली, तिने तोंड समुद्राकडे केलं आणि जागच्या जागी डुलत राहिली. पाणी तर आरशासारखं होतं. अर्धा तास गेला तरी ती ढिम्म हलेना. "थांब्याची शिष्या शोभते!" कुणीतरी ओरडलं आणि सगळा धक्का हसला. शिवा मान खाली घालून घरी आला. आपण एक पोर बसवून ठेवलं होतं, आता दुसरंही बसवलं, हेच त्याच्या मनात घोळत राहिलं.

आठवड्याने सानिका धावतच आली. "काका, मी तुमचं सगळं रेकॉर्डिंग स्वतः ऐकलं. तुम्ही 'जा' एकदासुद्धा म्हटलेलं नाही! चांगल्या लाटेला तुम्ही 'ये' म्हणताय."

"मग? निघालेल्या होडीला 'जा' म्हणतात काय गो बाय? वाईट तोंडाने बोलू नये. निघणारा 'येतो' म्हणतो, काठावरचा 'ये' म्हणतो."

सानिकाने कपाळावर हात मारून घेतला. तिच्या आजीने तिला याच्यावरून लहानपणी धपाटे घातले होते. पण रेकॉर्डिंग उतरवून घेणारी मुलं पुण्याची. त्यांनी अक्कल चालवली, 'ये' म्हणजे परत ये असं धरलं आणि त्या सगळ्या लाटा 'थांब'च्या खात्यात टाकल्या. मुकीला बिचारीला वाटलं, हा म्हातारा कुठल्याच लाटेत सोडत नाही.

सानिका हसता हसता म्हणाली, "खरंच काका, जन्मात कुणाला 'जा' म्हटलं नाहीत?"

शिवा हसला नाही. "एकदा म्हटलान होतं," तो स्वतःबद्दलच तिसऱ्याचं सांगावं तसं बोलला. रूपेश बॅग घेऊन पायरीवर उभा होता. "येतो," एवढं म्हणून घुटमळला होता. आणि शिवा रागाने म्हणाला होता, "जा."

'ये'च्या लाटा 'जा'च्या खात्यात टाकून, नव्याने शिकवून महिना संपता संपता मुकी पुन्हा पाण्यात सोडली. या वेळी ती सरळ तोंडापर्यंत गेली आणि थांबली. पहिली लाट सोडली, दुसरी सोडली, तिसरीही सोडली. चौथ्या लाटेची पाठ फिरताच ती नेमकी वाळूच्या कडेकडेने बाहेर पडली. शिवा असाच काढायचा. धक्क्यावर टाळ्या वाजल्या. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं आणि हे सांगायला घरी कुणी नाही, हे त्याला त्याच क्षणी कळलं. त्याने तिथल्या तिथे फोन लावला.

"बाबा? काय झालं?" रूपेश घाबरलेला. बापाचा फोन म्हणजे कुणीतरी गेलं असणार.

"काय नाय झालं. होडीवरचं प्लास्टिक काढतोय मी. तू ये. सुकाणू तुझ्या हातात. मी काठावर बसेन."

"आणि थांब म्हणालात तर?"

"म्हणेन. जिभेची खोड आता जाते होय? पण तू माझं सगळं ऐकू नको."

"बाबा, परवाच सही केली मी. आणखी दोन वर्षं. महिनाभर वाट बघितली, तुम्ही काही बोलाल म्हणून."

शिवाला चाळीस वर्षांत सोडलेल्या सगळ्या लाटा आठवल्या. महिनाभर न बोलता ही एक मात्र सोडायला नको होती. तो एवढंच म्हणू शकला, "बरं. ये मग."

"येतो," रूपेश म्हणाला आणि फोन ठेवला. काठावरून निघणारा माणूस म्हणतो, तसंच म्हणाला तो.