पंचावन्न मिनिटांचं कोल्हापूर

बाजीराव चौगुले मूळचे कागलचे. निवृत्तीनंतर त्यांनी नवी मुंबईत, उलव्यात फ्लॅट घेतला, कारण बिल्डरनं गॅलरीतून विमानतळ दाखवला होता. म्हणजे तेव्हा चिखलच दाखवला होता. धावपट्टी बाजीरावांना आपोआप दिसली. पुढं दरवर्षी ते सोसायटीत "या दिवाळीला नक्की सुरू" असं सांगत राहिले आणि एका वर्षी बिचारे चक्क खरे ठरले. तेव्हापासून त्यांच्याशी बोलणं अवघड झालं.

अशात धाकट्या बहिणीच्या, रंजिताच्या मुलीचं लग्न कोल्हापुरात ठरलं. मुहूर्त दुपारचा. भाची क्षिप्राला हाताला धरून मंडपात आणायचा मान मामांचा.

"आदल्या दिवशीच जाऊया," बायको उज्वला म्हणाली.

"अगं, हवाई अंतर जेमतेम तीनशे किलोमीटर. पंचावन्न मिनिटं! सकाळी उडायचं, मिसळ खायला कोल्हापुरात. बसमध्ये हाडं खिळखिळी करायचे दिवस गेले."

"तुमी या उडत. मी एसटीनं जाते. मला लग्नाला जायचंय."

लग्नाच्या दिवशी बाजीराव पहाटेच नवा फेटा पिशवीत घालून निघाले. गॅलरीतून हाकेवर दिसणाऱ्या विमानतळाला रिक्षानं भलामोठा वळसा घातला. मग रांग, तपासणी, पुन्हा रांग. ही मिनिटं पंचावन्नात धरत नाहीत, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. विमान मात्र अगदी वेळेवर उडालं आणि वेळेवर कोल्हापूरवर पोचलं. फक्त खाली कोल्हापूर नव्हतं. दाट धुकं होतं. विमानानं बऱ्याच घिरट्या घातल्या आणि मग सुरक्षेच्या कारणास्तव बाजीरावांना परत नवी मुंबईत आणून सोडलं.

उतरल्या उतरल्या रंजिताचा फोन आला.

"दादा, कुठायस?"

"उलव्यात."

"अजून निघालाच नाहीस?"

"जाऊन आलो."

पलीकडं सनईचा आवाज तेवढा येत राहिला. शेवटी ती म्हणाली, "मग वहिनीच आणू दे तिला मंडपात."

उज्वलानं आणलं. बाजीरावांनी ते विमानतळावरच्या खुर्चीत बसून व्हिडिओ कॉलवर पाहिलं. अक्षता पडायला लागल्या तेव्हा त्यांचाही हात उचलला गेला. शेजारच्या बाईंनी बॅग जरा लांब ओढली.

मग ते कळंबोलीला जाऊन मुकाट्यानं रात्रीच्या बसमध्ये बसले. दुसऱ्या दिवशी सकाळी पोचले तेव्हा मांडववाले खांब उपसत होते. रंजितानं त्यांच्यापुढं कालची जिलेबी ठेवली आणि ओरडली मात्र नाही. त्याचंच त्यांना जास्त लागलं. क्षिप्राच्या सासरी जाऊन त्यांनी तिला आहेर दिला. ती पाया पडली. "मामा, मंडपात मामी घट्ट होती हो, तुम्ही नव्हता म्हणून मीच रडले," म्हणाली. बाजीरावांनी बराच वेळ नाक पुसलं.

"परतीचं विमानाचं तिकीट आहे ना तुमचं?" निघताना उज्वलानं विचारलं. "तुमी व्हा पुढं."

तिच्या दोन्ही पिशव्या उचलून बाजीराव स्टँडच्या दिशेनं चालायला लागले.