पायऱ्या न मांडलेली गणितं

दहा वर्षं कापडाच्या दुकानात काढून, तिशी उलटल्यावर ती बी.एड.ला गेली आणि एका शाळेत छात्रशिक्षिका झाली. उशिरा आलोय, निदान कामात कसूर नको, म्हणून पेपर डोळ्यांत तेल घालून तपासायची.

सातवीच्या गणिताच्या चाचणीत एका मुलीची सगळी उत्तरं बरोबर निघाली, पण पायऱ्या कुठेच नाहीत. पोरगी कधी तोंड उघडत नसे. वर्ग तिला घुमी म्हणे. तिच्या शेजारी वर्गात पहिली येणारी बसायची. बाईंनी लाल शेरा मारला : नक्कल. शून्य. पालकांची सही आणावी.

"मी नाही बघितलं, बाई."

"मग पायऱ्या कुठायत?"

घुमी खाली बघत राहिली. बाईंनी ती कबुलीच धरली.

सही आली नाही. दुसऱ्या दिवसापासून घुमीही आली नाही.

तीन आठवड्यांनी कॉलेजसाठी मूल्यमापनावर टिपण लिहायचं होतं. नमुना म्हणून तिने दोघींचे पेपर शेजारी ठेवले. सातवं गणित शेजारणीचं साफ चुकलं होतं. घुमीचं बरोबर होतं. ती दोन्ही पेपर घेऊन मार्गदर्शक बाईंकडे गेली.

त्या पेपर बघून म्हणाल्या, "फळ्यापाशी बोलावून एक गणित विचारायचंस की गं. दोन मिनिटांचं काम."

त्याच संध्याकाळी ती पत्ता शोधत घुमीच्या घरी गेली. बाप सुतार. दारातच फळीला रंधा मारत होता.

"माझं चुकलं हो. गुण दुरुस्त केलेत. तिला पाठवा शाळेत."

रंधा थांबला. "आईविना पोर. फळी किती कापायची, किती उरेल, सगळं मला तोंडी सांगायची. तरी तुमचा शेरा बघून मी विचारलं, चोरलंस का? दोनदा विचारलं. तेव्हापासून माझ्याशी अबोला. आत्याकडे गेली, तिची मुलं सांभाळते."

"मी येते तुमच्याबरोबर आणायला."

"मी जाऊन आलो, बाई. नाही म्हणाली." तो भुसा झटकत राहिला. "तुमच्यावर काय रागवू? मी तरी कुठे विश्वास ठेवला?"

तिने आत्याच्या पत्त्यावर दोन पत्रं धाडली. उत्तर आलं नाही.

पुढे तिला दुसऱ्या शाळेत नोकरी लागली. पायऱ्या नसलेला पेपर दिसला की ती मुलाला जवळ बोलावते, "कसं केलंस, सांग बरं," म्हणते आणि थांबते. तिचे निकाल नेहमी उशिरा लागतात. "बाई, पेपर तपासताय की मुलाखती घेताय?" असं सहकारी चिडवतात. ती हसते. घुमीबद्दल तिने त्यांना कधीच काही सांगितलेलं नाही.