पाळणा आधी आणायचा नसतो

बनारसमध्ये राहिलेय म्हटलं की लोक गंगेबद्दल विचारतात, नाहीतर कचौरीबद्दल. मला मात्र दरवेळी मुलीच्या वेळचे ते महिनेच आठवतात. रोज काही ना काही घडायचं आणि सांगायला घरात कुणी नसायचं. संध्याकाळी महेश यायचा तो इतका दमून, की मी निम्मंच सांगायचे. उरलेलं निम्मं साठत गेलं. आता मैत्रिणी जमल्या की मी सुरू होते आणि मग त्यांनाच घड्याळ बघावं लागतं.

महेश म्हणजे माझा नवरा. विद्यापीठातल्या एका प्रोजेक्टवर कॉन्ट्रॅक्टची नोकरी. आसपासच्या जिल्ह्यांत फिरून विहिरींच्या आणि हापशांच्या पाण्याचे नमुने गोळा करायचे. पगार यायचा, पण त्याच्या मर्जीने. कधी वेळेवर, कधी दोन-तीन महिन्यांचा एकदम. दूधविनायकात आमची वरच्या मजल्यावर एक भाड्याची खोली होती आणि खाली घरमालकीण सुमतीकाकू. काकूंचे पणजोबा कधीतरी साताऱ्याकडून आलेले. काकू मराठीच बोलायच्या, पण त्यांचं मराठी असं : "तू बिलकुल फिकर नको करू, सगळं होऊन जाईल."

पहिलं बाळंतपण माहेरी करतात. माझी आई त्याच्या दोन वर्षं आधीच गेली होती. परभणीला बाबा एकटे. कुकर कधी बंद करायचा, हे मी त्यांना फोनवरून सांगायचे. सासूबाईंना गुडघ्यांमुळे जिना चढवत नव्हता. तेव्हा बाळंतपण बनारसलाच, हे ठरवावं लागलंच नाही.

*

काटकसरीची सुरुवात महेशने स्वतःपासून केली. त्याने पान सोडलं. बनारसमध्ये पान सोडणं म्हणजे काय, हे तिथे राहिल्याशिवाय कळायचं नाही.

गल्लीच्या तोंडाशी त्याचा ठरलेला पानवाला होता. चार दिवस महेश थांबला नाही, तेव्हा पाचव्या दिवशी त्याने हाक मारली. "गुरू, नाराज हैं का?" खरं कारण सांगायची महेशला लाज वाटली. तो म्हणाला, तोंड आलंय. दुसऱ्या दिवशी पानवाल्याने तोंड येण्यावरचा कसला तरी काढा बाटलीत भरून ठेवला होता. महेश तो तिथेच उभा राहून प्यायला. तिसऱ्या दिवशी पुन्हा बाटली.

मग महेश मागच्या गल्लीने येऊ लागला. लांबचा वळसा, वाटेत हमखास एखादा सांड आडवा बसलेला. आठवडाभर हे चाललं. एके दिवशी त्या मागच्या गल्लीत, दुसऱ्याच एका पानवाल्याच्या ठेल्यासमोर आमचा पानवाला उभा, गालात पान.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. पानवाला म्हणाला, "अब क्या बताएँ गुरू. अपने हाथ का खाते-खाते जी ऊब जाता है."

महेशने मग त्याला खरं कारण सांगितलं. घरी आल्यावर मला म्हणाला, "आज खूप दिवसांनी कुणाशी तरी खरं बोललो." मला हसू आलं, आणि नंतर जरा लागलंही.

*

पाळणा बघायला आम्ही एका रविवारी गेलो. लाकडी, रंगीत, वर खेळण्यातले पोपट लटकवलेले. किंमत ऐकून महेश पाळण्याचे खिळे तपासू लागला. काहीतरी खोट निघावी म्हणून तो तपासतोय हे मला कळलं. खोट निघाली नाही. येताना आम्ही लस्सीसुद्धा प्यायलो नाही.

काकू दारातच बसल्या होत्या. "पाळणा? अगं, बच्चा व्हायच्या आधी पाळणा नाही आणत. अशुभ असतं."

आमचा अशा गोष्टींवर विश्वास नव्हता. त्या दिवशी बसला. जिना चढताना महेश शीळ घालत होता.

त्यानंतर आमच्या घरात एकेक वस्तू अशुभ होत गेली. बाबागाडी अशुभ. अंघोळीचा टब अशुभ. नवी गादी फारच अशुभ. मेमध्ये खोली तव्यासारखी तापली, तेव्हा मी कूलरचं नाव काढलं. महेश गंभीरपणे म्हणाला, "आधी आणायचा नसतो."

हे खाली ऐकू गेलं असावं. थोड्या वेळाने काकू कठड्याला धरून, प्रत्येक पायरीवर थांबत वर आल्या. हातात त्यांच्या स्वतःच्या खोलीतला टेबलफॅन.

"हा चालेल," त्या म्हणाल्या. "हा आणलेला नाही. हा आधीपासून घरातच आहे."

*

लंगोट आणि दुपटी मात्र विकत आणायचीच नाहीत, हे काकूंचं फर्मान होतं. नवं कापड बाळाला टोचतं. जुनी, धुऊन धुऊन मऊ झालेली धोतरं पाहिजेत. आणि धोतरांची आमच्या भागात काय कमी? भोवती सगळी वैदिकांची, शास्त्र्यांची घरं. काकूंनी चार घरी निरोप पाठवला आणि गाठोडी येऊ लागली.

मी दुपारभर बसून ती कापायचे आणि कडा हाताने शिवायचे. काकू शेजारी बसून ओळख करून द्यायच्या. "हे न्यायशास्त्रवाल्यांचं. हे बघ, हे ज्योतिषींचं, हळदीचा दाग आहे. हे अमृतराव घाटाजवळच्या घनपाठी गुरुजींचं, सांभाळून काप."

गुरुजींचं धोतर फारच चांगलं होतं. मी त्याचे छान चौकोनी तुकडे केले.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्वतः गुरुजी खाली आले. ऐंशीच्या घरातले, उघड्या अंगावर उपरणं. काकूंना म्हणाले, "घरातून एक गाठोडं आलं ना? त्यात एक धोतर चुकून आलंय. परवा दरभंग्याला वेदपाठाच्या सभेत मान म्हणून मिळालं होतं. अजून नेसलोही नाही."

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. मी वर जाऊन तुकडे घेऊन आले आणि त्यांच्यासमोर ठेवले.

गुरुजींनी एक तुकडा उचलला, माझी टीप बारकाईने पाहिली. "शिवण बरी आहे," म्हणाले. मग तुकडा नीट घडी घालून परत ठेवला. "राहू दे. सभेत नुसतं ऐकणारेच असतात. इथे निदान काही उपयोग होईल."

*

महेश दोन-दोन दिवस बाहेरगावी असायचा. काकू दुपारी झोपायच्या. अशा वेळी मी हळूहळू अहिल्याबाई घाटावर जाऊन बसायचे. फुकटचा वारा, आणि दुसरं म्हणजे यात्रेकरू. महाराष्ट्रातून बसगाड्या भरून लोक येतात. त्यांचं मराठी कानावर पडायचं. "चपला कुणी सांभाळायच्या", "तुझ्या मामांना उन्हात बसू देऊ नको." मी ऐकत राहायचे. कुणाशी बोलायचे नाही.

एकदा माझ्या मागच्याच पायरीवर दोघी बसल्या. हेल आमच्याकडचा, अगदी परभणी-हिंगोलीचा. मी सुती सलवार-कुडत्यात, डोक्यावर ओढणी, तेव्हा त्यांना मी तिथलीच वाटले.

"पोटुशी हाय बघ," एक म्हणाली. "एकटीच बसलीय."

"ह्यांच्यात पाठवत असतील असं."

"तोंड बघ किती सुकलंय. हिची आय काय करती म्हणावं?"

मी मागे वळले नाही. वळले असते, बोलले असते, तर त्यांनी चौकशी केली असती, कदाचित जवळ घेतलं असतं. पण मग त्या माझ्याशी बोलल्या असत्या, अशा बोलल्या नसत्या. मला ते तसंच ऐकायचं होतं.

त्यांच्या गाईडने शिट्टी वाजवली. उठता उठता त्यांतली एक वाकून मला हिंदीत म्हणाली, "बहनजी, सीढ़ी से संभालके जाना."

मी म्हटलं, "हो."

ती दोन पायऱ्या चढून थबकली. पण गाईड पुन्हा शिट्टी वाजवत होता.

*

सातव्या महिन्यात परभणीहून पार्सल आलं. बाबांनी स्वतः डिंकाचे लाडू केले होते. फोनवर व्हिडिओ बघून. ड्रायफ्रूटचा बाजारभाव ऐकून आम्ही ते खातं बंदच केलं होतं, त्यामुळे डबा बघून महेशला माझ्याहून जास्त आनंद झाला. त्याने लाडू तोंडात घातला आणि हळूच बाहेर काढला.

लाडू दगड होते. अतिशयोक्ती नाही. एक हातातून निसटून जिन्यावरून गडगडत खाली गेला आणि काकूंच्या दाराला जाऊन लागला, तर काकू आतून म्हणाल्या, "कोण आहे?"

शेवटी काकूंच्या लोखंडी बत्त्याने रोज एक लाडू कुटायचा, दुधात भिजवायचा आणि खायचा, असं चाललं. चव मात्र चांगली होती.

बाबा रोज फोन करायचे. "जमलेत का?"

"एकदम मस्त. अगदी आईसारखे झालेत."

बाबा म्हणाले, "असं होय. म्हणजे तिचेही असेच कडक व्हायचे. मला कसं कळणार? मला ती फोडून द्यायची."

*

खासगी नर्सिंग होमचा खर्च विचारून आलो त्या दिवशीच सरकारी हॉस्पिटल पक्कं झालं होतं. तारखेला अजून दोन आठवडे होते. काकू नातवाच्या मुंजीला बंगलोरला गेलेल्या. महेश सोनभद्रकडे, जिथे अर्धा वेळ फोन लागत नाही. आणि सकाळी भांडी घासताना कळा सुरू झाल्या.

गल्लीत टोटो, म्हणजे तिथली ई-रिक्षा, येत नाही. मी पिशवी घेतली, कुलूप लावलं, आणि भिंतीला हात लावत रस्त्यापर्यंत चालत गेले. कळ आली की थांबायचे. येणारे-जाणारे बाजूला होत होते. एक गाय मात्र झाली नाही, मीच झाले.

हॉस्पिटलात नर्सने पहिला प्रश्न विचारला, "साथ में कौन है?"

"पति आ रहे हैं."

"पति अंदर नहीं आते. औरत कौन है साथ में?"

माझ्या मागे बाकावर एक बाई बसली होती. साठीची असेल, हिरवी सिंथेटिक साडी, हातात स्टीलचा डबा. चंदौलीकडच्या कुठल्यातरी गावाहून सुनेला घेऊन आली होती. सून आदल्या दिवशीच बाळंत होऊन वॉर्डात झोपलेली. ती बाई उठली आणि नर्सला म्हणाली, "लिख लीजिए, हम हैं."

नर्सने लिहून घेतलं. मग माझी पिशवी, माझ्या चपला आणि माझा चष्मा त्या बाईच्या हातात गेला.

पुढचे काही तास ती आत यायची, माझी कंबर दाबायची, पाणी पाजायची, आणि मग सुनेकडे जाऊन यायची. मला तिची बोली धड कळत नव्हती, तिला माझी अजिबात नाही. शेवटी शेवटी कुठली भाषा बोलायची याचं भानच मला उरलं नाही. तोंडातून एकच शब्द निघत होता.

डॉक्टर आल्या तेव्हा नर्सने तिला बाहेर काढलं. "अम्मा, अब बाहर बैठिए. आपकी बहू तो वहाँ सोई है, ये आपकी कौन लगती है?"

दार लोटलं गेलं. मी पुन्हा ओरडले, "आई. आई गं."

दार उघडलं. ती आत आली. नर्स चिडली, "फिर आ गईं आप?"

"त का करीं?" ती म्हणाली. "बुलावत हई. सुनात नाहीं का, कब से 'आईं, आईं' कहत हई."

तिच्या बोलीत 'आईं' म्हणजे 'या', हे मला खूप नंतर कळलं. तिने स्टीलचा डबा खिडकीत ठेवला, पदर खोचला, आणि माझ्या उशाशी येऊन माझं डोकं दोन्ही हातांत धरलं.

"आई," मी म्हटलं.

"आ गइली, बिटिया," ती म्हणाली. "आ गइली."